सेक्टरातलं उद्यान किंवा मैदान कार्यक्रमासाठी हवंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेरूळमधल्या आमच्या सात-आठ सोसायट्या मिळून कोजागरी, हळदीकुंकू, रक्तदान शिबिर आणि मुलांच्या स्पर्धा करतात. त्यांच्या परवानग्यांची धावपळ बरीच वर्षं माझ्या गळ्यात आहे. नवरात्र जवळ आली की आजूबाजूच्या सेक्टरांतून फोन सुरू होतात आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं. नवी मुंबई महापालिकेची, म्हणजे दिघ्यापासून बेलापूरपर्यंतची हद्द डोळ्यापुढे ठेवली आहे. ठाणेकरांनी ‘विभाग कार्यालय’ असेल तिथं ‘प्रभाग समिती कार्यालय’ वाचावं, बाकीची कथा फारशी वेगळी नाही.

मुळात बागेत कार्यक्रम करू देतात का?

आधी बाग आणि मैदान यांची गल्लत सोडा. कागदोपत्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उद्यान म्हणजे हिरवळ, पायवाट, झोपाळे, बाकं. तिथं मंडप घालून कार्यक्रम करायला सहसा नकारच येतो आणि तो यावाच, असं माझं मत आहे. फार तर व्याख्यान, चित्रकला स्पर्धा, वृक्षारोपण, सकाळचा गाण्याचा कार्यक्रम असं हलकंफुलकं काही मान्य होतं. मैदानाचं तसं नाही. ते भाड्यानं मिळतं. मात्र खेळासाठी राखलेलं मैदान खेळाशिवाय इतर कामाला देताना वर्षभरातल्या दिवसांना कायद्यानंच मर्यादा आहे. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत ‘कोटा संपला’ असं उत्तर आलं तर समोरचा टोलवतोय असं लगेच समजू नका.

तिसरा पर्याय लोक विसरतात, तो म्हणजे समाजमंदिर किंवा बहुउद्देशीय इमारत. शंभर माणसांचा साखरपुडा असेल तर बागेच्या मागे लागण्यापेक्षा तिथं चौकशी करा. डोक्यावर छप्पर, पंखे आणि संडास, तिन्ही मिळतात.

बाग नक्की कोणाची, हे कसं कळणार?

फाटकावरचा फलक वाचा. हसू नका. चुकीच्या कार्यालयात दोन हेलपाटे घालून मग फलक वाचणारे मी पाहिलेत, त्यातला एक मीच. नवी मुंबई वसवली सिडकोनं, १९७० पासून. महापालिका आली १९९२ मध्ये. मधल्या काळातले बरेच भूखंड सिडकोकडून महापालिकेकडे गेले, काही अजून जायचे आहेत. त्यामुळे ‘हे मैदान तर नगरपालिकेचंच’ ही खात्री धोक्याची. खारघर, कामोठे, कळंबोली २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहेत. पण खारघरचं सेंट्रल पार्क सिडकोनं उभारलेलं. उलव्याला तर सगळा कारभारच सिडकोचा. फलक गंजून गेला असेल तर माळीमामांना विचारा. पगार कुठून येतो हे त्यांना चांगलं ठाऊक असतं.

आम्ही पंधराच जण जमणार. त्यालाही परवानगी?

बाकांवर बसून गप्पा, मुलांचे खेळ, एखाद्या आजींचा पंचाहत्तरीचा हार यासाठी कोणी अर्ज मागत नाही. वेळेत या, वेळेत जा. पण खुर्ची, स्पीकर, पडदा, टेबल यातली एकही वस्तू आत आली की तो ‘कार्यक्रम’ झाला, असं धरून चाला.

मुलांच्या वाढदिवसांबद्दल जरा स्पष्ट बोलतो. केक चालला की नाही हे त्या-त्या बागेच्या फलकावर असतं. चमकीचे फटाके आणि फेसाचे फवारे मात्र नकोच. ती चमकी गवतातून कोणीही वेचू शकत नाही, पुढचे सहा महिने ती तिथंच लुकलुकत राहते.

अर्ज कुठं द्यायचा आणि त्यात काय लिहायचं?

आपल्या विभाग कार्यालयात. बेलापूर, नेरूळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, दिघा असे आठ विभाग आहेत. उद्यान असेल तर प्रत उद्यान विभागाला. ऑनलाइन अर्जाची सोय असेल तर तो कराच, पण छापील प्रत घेऊन एकदा समोर जाऊन या. अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. पुढचे सगळे फोन त्या क्रमांकावर चालतात.

अर्ज एका पानाचा पुरतो. तारीख, वेळ, किती माणसं, मंडपाची लांबी-रुंदी, ध्वनिक्षेपक आहे की नाही, स्वयंपाक जागेवर होणार की बाहेरून येणार, वीज कुठून घेणार आणि जबाबदार दोन माणसांचे नंबर एवढं लिहा. सोबत सोसायटीच्या लेटरहेडवरचं पत्र, ओळखपत्राची प्रत आणि जागेचा हातानं काढलेला नकाशा. नकाशाची गंमत अशी की तो कोणी मागत नाही, पण जोडला की अर्धे प्रश्न विचारलेच जात नाहीत. मंडप इथं, आत यायची वाट इथून, झोपाळ्यांचा भाग मोकळा, हे चित्रात दिसलं की साहेबांची सही लवकर होते.

वेळ लिहिताना मात्र एक चूक सगळे करतात. कार्यक्रम रविवारी सहा ते दहा, म्हणून तेवढंच लिहितात. मंडपवाला शनिवारी दुपारी बांबू टाकतो आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत नेत नाही. म्हणजे जागा अडली तीन दिवस. भाडंही तीन दिवसांचं लागू शकतं. तेव्हा बांधणी आणि उचल धरून तारखा लिहा आणि मंडपवाल्याकडून उचलायची वेळ कागदावर घ्या.

किती दिवस आधी?

महिनाभर. सण अंगावर असेल तर दीड महिना.

नगरसेवक ओळखीचे आहेत. ‘करा बिनधास्त’ म्हणालेत. मग पुरे ना?

नाही. त्यांचं पत्र जोडा, त्यानं फाइल हलते. पण पत्र म्हणजे परवानगी नव्हे. ऐन कार्यक्रमात कोणी तक्रार केली आणि पोलीस आले, तर ते सहीशिक्क्याचा कागद मागतात. आणि आचारसंहिता लागली की पुढाऱ्याचं नाव असलेला फलकसुद्धा झाकावा लागतो. निवडणुकीच्या हंगामात पत्रिकेवर कोणाची नावं छापायची याचा दोनदा विचार करा.

भाडं किती पडतं?

आकडा मुद्दाम लिहीत नाही, कारण दर ठरावानं बदलतात आणि जुना आकडा घेऊन लोक खिडकीवर भांडतात. हिशेब साधारण असा बसतो: क्षेत्रफळ, दिवस आणि कार्यक्रमाचा प्रकार. तिकीट लावलेला कार्यक्रम, प्रदर्शन-विक्री, लग्न यांचा दर वेगळा आणि सामाजिक-सांस्कृतिक कार्यक्रमाचा वेगळा असतो. कराची रक्कम वेगळी धरलीय का तेही विचारा. दरपत्रक मागा, चलनानं किंवा ऑनलाइन भरा, पावती घ्या. पावतीशिवाय दिलेला रुपया म्हणजे देणगी.

आख्खं मैदान मागू नका. कोपऱ्यातला तुकडा मागितला तर भाडं कमी आणि मुलांचं क्रिकेटही चालू राहतं.

अनामत रक्कम परत मिळते का?

मिळते, पण ती मागायला जावं लागतं, आपणहून घरी येत नाही. मंडप लागण्याआधी माळीमामांना बरोबर घेऊन मोबाइलवर फोटो काढा: हिरवळ, कुंपण, दिवे, नळ, बाकं. कार्यक्रमानंतर त्याच जागांवरून त्याच क्रमानं पुन्हा काढा. दोन्ही संच अर्जाला जोडले की वाद उरत नाही.

आमची अनामत एकदा कापली गेली आणि ती कापणाऱ्याची चूक नव्हती. कोजागरीच्या तयारीत मंडपवाल्याच्या पोरानं पहार मारली ती थेट जमिनीखालच्या पाण्याच्या पाइपात. संध्याकाळी पंप सुरू झाला आणि मसाला दुधाच्या टेबलामागे चार फूट उंच कारंजं उडालं. मुलं नाचली, पाहुण्यांना वाटलं आमचीच योजना. पाणी बंद करायचा वॉल कुठं आहे हे ज्यांना माहीत होतं ते माळीमामा तेव्हा गावी गेलेले. अर्ध्या तासानं वॉल सापडला तोवर सतरंज्या भिजल्या होत्या. त्या वर्षापासून वॉलची जागा नकाशावर लाल पेनानं लिहितो.

हिरवळ खराब होऊ नये म्हणून काय करायचं?

खड्डे खणायचेच नाहीत. मंडपवाल्याला सांगा की खांब वाळूच्या डब्यांत किंवा लोखंडी पायांवर उभे कर. तो थोडी कुरकुर करील, डब्यांचे पैसे जास्त लावील, द्या. सतरंजी आदल्या रात्रीपासून अंथरून ठेवू नका. दिवसभर झाकलेलं गवत पिवळं पडतं. दोन दिवस आधी माळीमामांना पाणी थांबवायला सांगा, नाहीतर खुर्च्यांचे पाय रुततात आणि जेवणाच्या रांगेखाली चिखल होतो. चहाचं उरलेलं गरम पाणी आणि तेल गवतावर ओतलं की तिथं टक्कल पडतं. केटररची मुलं हे हमखास करतात, म्हणून त्यांच्या मागे एक रिकामं पिंप ठेवायचं.

रात्री माईक किती वाजेपर्यंत?

दहा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. ‘बारापर्यंत चालतं ना?’ असं प्रत्येक जण विचारतो. बारापर्यंतची सूट वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवसांना देता येते आणि ते दिवस सरकार जाहीर करतं, आपण नाही. त्या वर्षाची यादी पोलीस ठाण्यात बघून घ्या.

आता आवाज किती. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा. सार्वजनिक जागेत ध्वनिक्षेपक लावला तर जागेच्या हद्दीवर आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलनं जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी तेवढाच. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र ठरू शकतात. आपल्याकडे ही अडचण जास्तच, कारण सिडकोनं सेक्टर आखताना शाळा आणि मैदान शेजारी-शेजारी ठेवलं. शाळेच्या मुलांना खेळायला जागा मिळावी म्हणून केलेली ही सोय कार्यक्रमवाल्यांना मात्र नडते. जागा निवडतानाच शंभर मीटर पावलांनी मोजून बघा.

हे नियम नुसते कागदावरचे नाहीत. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. आवाज आणि रस्ता-फुटपाथ अडवणारे मंडप या दोन्हींबाबत यंत्रणांना त्यातून चांगलंच कामाला लावलं. आजची कडक तपासणी बऱ्याच अंशी तिथून आली आहे.

साउंडवाल्याशी बोलताना वॅट विचारू नका, दिशा ठरवा. स्पीकरचं तोंड इमारतींकडे असेल तर आवाज दोन टॉवरांच्या मध्ये आपटत राहतो आणि सातव्या मजल्यावर खालच्यापेक्षा जास्त त्रास होतो. तोंड रस्त्याकडे किंवा नाल्याकडे करा. एका मोठ्या खोक्याऐवजी चार लहान स्पीकर कमी आवाजात लावले तर सगळ्यांना नीट ऐकू येतं.

कोजागरीला मात्र पंचाईत होतेच. चंद्र डोक्यावर यायला बारा वाजतात आणि माईक दहाला गप्प. आम्ही दहाला माईक बंद करून गोल करून बसतो आणि तसंच गातो. पहिल्या वर्षी नाइलाज होता. आता लोक दहा वाजायची वाट बघतात, कारण निवेदक बंद होतो.

पोलिसांची परवानगी वेगळी लागते?

हो. जागेची परवानगी पालिकेची, ध्वनिक्षेपकाची आणि गर्दीची पोलीस ठाण्याची. आधी पालिकेचा कागद, मग तो जोडून पोलीस ठाण्यात अर्ज, हा क्रम सोपा जातो. मोठा मंडप असेल तर अग्निशमन दलाचीही ना हरकत मागतात.

गाणी वाजवायला परवाना लागतो म्हणतात. खरं?

ध्वनिमुद्रित गाणी सार्वजनिक कार्यक्रमात वाजवली की हक्काचा प्रश्न येतो आणि पीपीएल, आयपीआरएस अशा गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचं शुल्क निघतं. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात धार्मिक विधींना आणि लग्नाच्या वरातीला, लग्नाशी जोडलेल्या समारंभांना सूट आहे. नववर्षाच्या पार्टीला ती सूट नाही. आपल्या सोसायटीतल्या काकू हार्मोनिअमवर अभंग म्हणणार असतील तर काळजीचं कारण नाही.

जेवण तिथंच शिजवलं तर?

शक्यतो नको. बाहेरून गरम डब्यांत आणा. जागेवर पुऱ्या किंवा जिलेबी तळायची परवानगी मिळालीच तर ते मंडपाच्या कापडापासून दूर, पत्र्याच्या आडोशाला. घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर अशा कामाला वापरायची मुभा नाही, १९ किलोचं व्यावसायिक लागतं. केटररकडे अन्नसुरक्षा नोंदणी आहे का, हे ठरवतानाच विचारा.

वीज बागेतल्या दिव्यांवरून घेतली तर चालेल?

चालणार नाही. महावितरणची तात्पुरती जोडणी घ्या किंवा जनरेटर आणा. दिव्याच्या खांबातून वायर ओढणारा इलेक्ट्रिशियन स्वतःला हुशार समजतो. दव पडलेल्या गवतावर अनवाणी मुलं धावत असतात, हे त्याला आठवण करून द्या.

झाडांवर माळा, थर्मोकोलचं कमान, फ्लेक्स?

तिन्ही नको. राज्यात थर्मोकोलच्या सजावटीवर २०१८ पासून बंदी आहे. झाडाला खिळा ठोकणं, फांदी छाटणं हा वृक्षसंरक्षणाच्या कायद्याचा विषय होतो. विनापरवाना फलक लावला तर तो १९९५ च्या विद्रूपीकरणविरोधी कायद्यात बसतो. झेंडूच्या माळा आणि कापडी कमान छान दिसते, पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येते.

कचऱ्याचं काय?

शंभरपेक्षा जास्त माणसं जमणार असतील तर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी पालिकेला कळवायचं आणि ओला-सुका वेगळा करून द्यायचा, ही जबाबदारी घनकचरा नियमांनीच आयोजकावर टाकलेली आहे. व्यवहारात असं करा: घनकचरा विभागाच्या स्वच्छता निरीक्षकांना भेटून गाडी कधी येणार ते ठरवा आणि आपल्यातल्या चार जणांना फक्त डब्यांजवळ उभं करा. डबे ठेवून भागत नाही, माणूस लागतो. पाण्याच्या बाटल्यांऐवजी मोठा जार आणि स्टीलचे पेले ठेवले की निम्मा कचरा तिथंच वाचतो. पेले धुणार कोण, हा प्रश्न महिला मंडळाच्या बैठकीत नव्हे, सगळ्यांसमोर विचारावा.

रोज येणारे लोक विरोध करतात. त्यांना काय सांगायचं?

सांगायचं नाही, विचारायचं. अर्ज लिहिण्याआधी. रविवारी संध्याकाळी बाग तुम्हाला मोकळी वाटते, पण पश्चिमेच्या बाकावर सहा ते सात दोन निवृत्त आजोबा बसतात, पलीकडे सोसायटीत कामाला येणाऱ्या मावश्या घरी जाण्याआधी दहा मिनिटं पाय मोकळे करतात, आणि कोपऱ्यातली चपटी जागा आठवीतल्या पोरांच्या अंडरआर्म क्रिकेटची आहे. यांच्यापैकी कोणाकडे पावती नाही. तुमच्याकडे असते, म्हणून तुमचाच आवाज मोठा होतो.

आम्ही एका वर्षी आख्खी बाग दोन दिवस अडवली होती, रीतसर परवानगीनं. तिसऱ्या दिवशी त्या आजोबांपैकी एक मला जिन्यात भेटले आणि एवढंच म्हणाले, “झालं का तुमचं? येऊ का उद्यापासून?” तेव्हापासून आठ दिवस आधी फाटकावर हातानं लिहिलेला कागद लावतो: कोणता कार्यक्रम, कधी ते कधी, कोणता भाग बंद, पायवाट चालू. खाली माझा नंबर. फोन येतात, शिव्याही येतात, पण कार्यक्रमाच्या दिवशी तक्रार येत नाही. क्रिकेटच्या पोरांना खुर्च्या लावायला बोलवा आणि जेवायला थांबवा. ती पोरं नंतर बागेची राखण करतात.

योग, हास्य क्लब, झुंबा रोज घ्यायचं असेल तर?

सकाळी मोकळेपणानं जमून हसणाऱ्यांना कोणी हटकत नाही. फी घेऊन वर्ग चालवणं हा व्यवसाय झाला, त्याला लेखी परवानगी हवी. आणि साडेपाचला ब्लूटूथ स्पीकर? सहाच्या आधी तोही ध्वनिक्षेपकच.

लग्नाची हळद मैदानात करता येईल?

गावठाणांत ही जुनी रीत आहे. सारसोळे, कुकशेत, करावे, शिरवणे इथल्या हळदीला जाऊन आलेला माणूस ती विसरत नाही. आगरी-कोळी घरातली हळद चार भिंतींत मावतच नाही. मैदान मिळू शकतं, दर लग्नाचा लागतो. अडचण फक्त डीजेची असते. घरातल्या एका वडीलधाऱ्या मामांना पावणेदहाला डीजेपाशी उभं करा, पोरं त्यांचंच ऐकतात.

पावसाळ्यात?

जून ते सप्टेंबर उघड्यावर काही ठरवू नका. दहीहंडी-गणपतीचं वेगळं, ते होतातच. आपला बराच भाग खाडीकाठी भराव घालून केलेला आहे, पाणी मुरायला वेळ लागतो आणि मैदान वरून कोरडं दिसलं तरी खाली गाळ असतो. टेम्पो आत घालण्याआधी टाच रोवून बघा.

ड्रोननं चित्रीकरण?

नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून चालू झाला आहे, उलव्यापासून नेरूळ-बेलापूर किती लांब ते तुम्हीच बघा. ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा कोणत्या रंगात येते ते पाहिल्याशिवाय फोटोग्राफरला होकार देऊ नका.

अर्जाला उत्तरच येत नाही. आता?

आवक क्रमांक घेऊन जा आणि फाइल कोणत्या टेबलावर आहे एवढंच विचारा. ‘का अडली’ असं विचारलं की समोरचा बचावात जातो. तरीही हललं नाही तर लेखी स्मरणपत्र द्या. ती सेवा अधिसूचित यादीत असेल तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली मुदत आणि अपील आहे. ‘उत्तर नाही म्हणजे मूक संमती’ हा युक्तिवाद मात्र करू नका, मंडप उतरवायची वेळ येते.

दुसऱ्यांचाच कार्यक्रम आम्हाला त्रास देतोय. तक्रार कुठं?

दहा वाजून गेले असतील तर ११२. तक्रारदाराचं नाव उघड करू नका असं सांगता येतं. त्याआधी एकदा खाली उतरून आयोजकाला शोधा. तो बहुतेक वेळा स्टेजमागे घामाघूम होऊन मंडपवाल्याशी हुज्जत घालत असतो आणि आवाज वाढलाय हे त्याला कळलेलंही नसतं.